धाकटीचं नाक

३ मार्च, मंगळवार

धाकटी विमानातल्या क्रूची इनचार्ज झाली. दुपारी सव्वातीनला तिचा फोन आला, आईला. मला नाही. आईने फोन कानाला तसाच ठेवून हाताने विमान उडवून दाखवलं आणि मग रडायला लागली. मी गॅसवरचा चहा उतरवला. "बरं झालं," म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

मी या विमान कंपनीत अकरा वर्षं आहे, ती सहा. तिचा अर्ज मी भरला. गळ्यातल्या स्कार्फची गाठ मी शिकवली. मुलाखतीला तिने घातलेले बूट माझे होते, अर्ध्या नंबराने मोठे, पुढे कापूस कोंबलेला. आणि आता सोनेरी पट्टी तिच्या खिशावर.

माझी इनचार्जची चाचणी जानेवारीत झाली. विमान निघायच्या आधी मला मागे करपल्याचा वास आला, मी कळवलं, विमान चाळीस मिनिटं थांबलं. सगळं उलटंपालटं केल्यावर अकराव्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या पिशवीत करपलेले टोस्ट निघाले. कागदी रुमालात गुंडाळलेले, चार. परीक्षक हसले नाहीत, पण त्यांनी मला पासही केलं नाही. तेव्हापासून क्रूच्या खोलीत मी टोस्टताई.

संध्याकाळी धाकटी घरी आली ती अत्तराच्या ढगातून. तिला मुळात वास कमी येतो, म्हणून भसाभसा लावते. रोज निघताना मनगट माझ्या नाकाजवळ आणते, "ताई, जास्त झालंय का?" पूर्वी मी खरं सांगायचे. जानेवारीपासून म्हणते, "नाही गं, बरोबर आहे." हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

ही वहीसुद्धा तिनेच दिलेली, वाढदिवसाला. "मनातलं लिहीत जा ताई, बरं वाटतं." लिहितेय. बरं वाटत नाहीये.

५ मार्च, गुरुवार

आईने वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावून पट्टी दाखवली. ती पट्टी हातोहात फिरली, नव्या बाळासारखी. काकूंनी जाताना मला विचारलं, "आणि तुझं कधी?"

माझी दुसरी संधी वीस तारखेला आहे. परीक्षक बदललेत म्हणे. या वेळी नाकाला कुलूप लावून जाणार आहे.

९ मार्च, सोमवार

क्रमाने लिहिते.

सख्ख्या बहिणींना आमच्याकडे एका विमानावर पाठवत नाहीत. आज मी राखीव ड्यूटीवर होते. धाकटीच्या जोडीच्या मुलीला विमानतळावरच उलट्या झाल्या आणि कंपनीला दुसरं कुणी मिळेना. छोटं विमान, सत्तर आसनं, क्रू दोघीच: इनचार्ज पुढे, दुसरी मागे. मागे म्हणजे मी.

विमानात ती मला 'तुम्ही' म्हणते. नियम आहे, मीही इतरांना म्हणते. पण "तुमची मागची तयारी झाली का?" हे तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं.

आज विमान गच्च भरलेलं, वजन जास्त. अशा वेळी इंजिनाची सगळी ताकद उड्डाणाला मिळावी म्हणून एसी बंद ठेवतात आणि चाकं वर घेतली की सुरू करतात. तोवर आत भट्टी. पट्टे बांधून बसलं की आम्ही तीस सेकंद मनात उजळणी करतो: दार कसं उघडायचं, आग विझवायची बाटली कुठे, धडधाकट प्रवासी कोणता. धाकटी पुढे माझ्याकडे तोंड करून बसलेली, मधे पूर्ण विमानाची लांबी. मी तीस सेकंद तिच्या खिशावरची पट्टी बघत होते. बाटली कुठे आहे हे मला आठवावं लागत नाही, पण उजळणी केली नाही हे खरं.

विमान धावायला लागलं आणि वास आला. जळक्या वायरीचा, थोडासा मासळीसारखा, माझ्या पाठीमागच्या गॅलीकडून, म्हणजे चहा-कॉफीच्या ओट्याकडून. चाकं अजून जमिनीवर होती. खालून धावपट्टीचे ठोके बसत होते, म्हणून खात्रीने सांगते.

मी नाकाला रुमाल लावला. शेजारीच फोन. धावायला लागल्यापासून वैमानिकांना उगाच फोन करायचा नाही, पण इनचार्जला करता येतो. हात फोनवर गेला आणि टोस्ट आठवले. वाटलं, आता हिला विचारू, की मॅडम, मला वास येतोय? परत चार करपलेले तुकडे निघाले तर वीस तारीख गेलीच. आणि अजून एक वाटलं, तेही लिहिते. वाटलं, खरंच काही असेल तर ते तिलाच सापडू दे. नाहीतर तिलाच चुकू दे.

ठोके थांबले. चाकं धप्प करून आत गेली. एसीची हवा फुसफुसत सुरू झाली. वास वाढला. मी तशीच बसले. मिनिटभर असेन.

आणि फोन वाजला.

"मागे वास येतोय का?" धाकटी.

"येतोय."

"कसला?"

"वायर जळल्यासारखा."

"कधीपासून?"

"आत्ताच," मी म्हणाले. "चाकं उचलल्यावर."

"चाकं उचलल्यावर," तिने माझेच शब्द परत म्हटले. मग म्हणाली, "गॅलीची वीज बंद करा. मी कॅप्टनना कळवते."

मी मुख्य बटण बंद केलं, आगीची बाटली काढून मांडीवर घेतली, स्वच्छतागृह तपासलं, भिंतींना हाताची पालथी बाजू लावून पाहिली. त्याच वेळी कॅप्टनने एसीही बंद केला. वास कमी झाला. कशाने कमी झाला ते देव जाणे.

मग धाकटीची घोषणा. "आपण खबरदारी म्हणून परत उतरत आहोत. पट्टे घट्ट ठेवा. आम्ही दोघी इथेच आहोत." शेवटचं वाक्य पुस्तकात नाही, तिने मनचं घातलं. आठव्या रांगेतली बाई मोठ्याने रडत होती ती त्या वाक्याला थांबली. मी अकरा वर्षांत पुस्तकाबाहेरचं एक अक्षर बोलले नाहीये.

नऊ मिनिटांत उतरलो. बंब धावत आले. कुणाला खरचटलंही नाही. जिन्याखाली कॅप्टनने धाकटीच्या खांद्यावर थोपटलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

तिला पुढे बसून मिनिटभरात वास आला आणि मला मागे बसून सांगता आलं नाही. नाकसुद्धा तिचंच चांगलं निघावं?

१० मार्च, मंगळवार

अहवाल लिहिले, वेगवेगळ्या खोल्यांत बसून. मी लिहिलं: 'चाके वर घेतल्यानंतर लगेच वास आला. तेवढ्यात इनचार्जचा फोन आला.' दोनच ओळी. फोनवर जे बोलले तेच लिहायला हवं ना.

नंतर एकमेकींचे अहवाल वाचून सही करायची असते. तिचा असा: 'पुढील आसनावर मला जळल्याचा वास आला, म्हणून मी मागे फोन केला. मागील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तत्परतेने दुजोरा दिला.'

तत्परतेने! ज्येष्ठ! टोमणा मारायचा तर सरळ मारावा. मी सही इतकी दाबून केली की खालच्या कागदावरही उमटली.

परतताना एकाच गाडीत होतो. ती म्हणाली, "ताई, सगळं नीट झालं ना. सोड आता."

"मी कुठे काय धरलंय?" मी म्हणाले.

ती खिडकीबाहेर बघत बसली. इनचार्ज झाल्यापासून तिला असं गंभीर बसायची सवय लागलीय.

१२ मार्च, गुरुवार

क्रूच्या खोलीत फळ्यावर तिचं नाव लावलंय, खाली 'प्रसंगावधान'. कुणीतरी केक आणला. पहिला तुकडा ती घेऊन माझ्याकडे आली, माझ्या तोंडाशी धरला, सगळ्यांसमोर. मी खाल्ला. सात जणांनी फोटो काढले. फोटोत मी हसतेय, मी पाहिलं.

मग एक जण म्हणाला, "टोस्टताई, तुमचं नाक कुठे गेलं होतं त्या दिवशी?" सगळे हसले. धाकटी हसली नाही. "वास त्यांनीच ओळखला. मला फक्त शंका होती," म्हणाली. झालं, आणखी टाळ्या. मोठेपणा घ्यायचा आणि वर वाटूनही टाकायचा, हे बरं जमतं तिला.

विमानदुरुस्तीच्या हँगरमधल्या इंजिनियरशी बोलणं झालं. त्याला सगळे पक्कड म्हणतात, एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. या वेळी सोडलंय. "पुढे आणि मागे एकदमच वास, तोही चाकं उचलल्यावर. म्हणजे एसीच्या नळीतून आला, दुसरं काय? कॉकपिटची नळी वेगळी, म्हणून कॅप्टनना नाही आला. फिल्टर बदलले. इंजिनं दोनदा चालवून बघितली. काही मिळालं नाही."

"गॅली?"

"वरवर बघितली. गॅलीत जळलं तर पुढे वास जायला वेळ लागतो हो, मॅडम. तुमच्या दोघींच्या जबानीत तर एकच वेळ आहे."

विमान उद्या परत प्रवासी घेऊन जाणार. अकरा वाजून पाच मिनिटांनी. मी हसून बरं म्हटलं आणि निघाले. 

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी मी आंघोळीला होते आणि दूध करपल्याचा वास आला. तशीच टॉवेल गुंडाळून धावले. भांड्याच्या तळाला काळा थर, स्वयंपाकघर धुराने भरलेलं आणि शेगडीपासून दोन हातांवर धाकटी, गणवेशात, केसांत पिना खोचत, भिंतीवरच्या आरशात बघतेय.

"अगं, दूध!"

"अय्या," म्हणाली आणि गॅस बंद केला.

तिची गाडी आली, मनगट पुढे करून तिने विचारलं, मी 'बरोबर आहे' म्हटलं, ती गेली. आई भांडं घासताना म्हणाली, "हिच्या नाकाचा काय उपयोग? लहानपणी तूच ओरडायचीस, घर पेटलं तरी हिला नंतर कळेल म्हणून."

मी अजून ओल्या टॉवेलमध्येच उभी होते. आईला तीन वेळा हाक मारावी लागली.

मग धाकटीला फोन लावला. ती गाडीत होती.

"सोमवारी पुढे वास आला होता का तुला?"

"हे काय आता मधेच?"

"आला होता का?"

तिने गाडीची काच वर केल्याचा आवाज आला.

"तू नाकाला रुमाल लावला होतास," ती म्हणाली. "मला पुढून दिसत होतं. तू उगाच रुमाल लावत नाहीस."

"मग खोटं का लिहिलंस?"

"काय लिहू? की तिला वास आला होता आणि तिने फोन केला नाही? वीस तारीख आहे ना तुझी? ताई, जाऊ दे. इंजिनियर लोकांनी सगळं तपासलंय."

"आज कुठलं विमान आहे तुला?"

"तेच. का?"

मी फोन ठेवला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढे वास आलाच नव्हता. मागे आला तो एसी सुरू व्हायच्या आधी. मग नळीतून कसा येईल? माझ्या पाठीमागे जे जळत होतं ते तसंच आहे, आणि त्यावर नवे फिल्टर बसवून सत्तर माणसं आणि धाकटी निघालीत. तिने माझ्यासाठी एक खोटं सांगितलं, मी तिच्यावर जळून एक सांगितलं, आणि दोन्ही अशी काही जुळली की पक्कडलासुद्धा खरी वाटली.

एवढं कळल्यावर लगेच फोन केला असं लिहावंसं वाटतं. केला नाही. अकरा मिनिटं पलंगाच्या कडेला बसले. भिंतीवर घड्याळ आहे, म्हणून माहीत. वीस तारीख डोळ्यांपुढून हलेना. शिवाय नाव न सांगता कळवता येईल का, आजारी पडले म्हणून विमान उशिरा निघेल का, असलं काहीबाही सुचत होतं. मी आज ड्यूटीवरही नाही. माझ्या आजारपणाने कुठलं विमान थांबणार?

नऊ एकवीसला पक्कडला फोन लावला.

"मी सोमवारी चुकीची वेळ लिहिली. वास धावपट्टीवरच आला होता. चाकं जमिनीवर होती, एसी बंद होता. माझ्या मागून, गॅलीकडून."

 त्याने मागे कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं.

"आणि पुढे वास आलाच नव्हता," मी म्हणाले. "इनचार्जने खोटं लिहिलंय."

१४ मार्च, शनिवार

कॉफी तापवायच्या भांड्यामागचं पॅनल उघडलं. वायरींची जुडी एका कडेला घासून घासून उघडी पडलेली, चार बोटं लांब कोळसा. पक्कडने फोटो पाठवला. मागच्या भिंतीचं अस्तरही तपकिरी झालेलं. माझी खुर्ची त्याच्या पुढेच असते. भांडं सुरू झालं की जुडी पुन्हा पेटली असती, कधी ते सांगता येत नाही, म्हणाला. कालचं उड्डाण रद्द झालं. प्रवासी खूप ओरडले म्हणे.

आम्हा दोघींना कामावरून बाजूला केलंय. बुधवारी समिती बसणार. धाकटीने पट्टी काढून दिली. माझी वीस तारीख गेली, ते कुणी सांगायचीही गरज नव्हती.

पक्कड फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, धावपट्टी म्हणालात तेव्हाच मी माणूस पाठवला होता. मला तेवढं पुरे होतं."

तो माझं कौतुक करत होता. मी मात्र तेव्हापासून एकाच गोष्टीशी अडलेय. तेवढं पुरे होतं, तर मी पुढचं वाक्य का बोलले?

तपासाला खरं सगळंच कळायला हवं, हे आहेच. समितीने विचारलं असतं तर सांगावंच लागलं असतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि ते वाक्य म्हणताना माझा आवाज फुटला नाही असं झालं नाही. चांगला खणखणीत फुटला.

१६ मार्च, सोमवार

आई दोघींना वेगवेगळं वाढते. काय झालंय ते तिला अर्धंच सांगितलंय, आणि दोघींनी वेगवेगळं अर्धं सांगितलंय. धाकटी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असेल तर आईला सांगते, मीठ माझ्यासमोर असलं तरी.

पट्टी गेल्याचा मला आनंद होतोय का, ते आज दिवसभर तपासून पाहिलं. पहिल्या दिवशी अगदी थोडा, चिमूटभर झाला होता. आता शोधून सापडत नाही. पण झाला होता.

१८ मार्च, बुधवार

समिती अकरा वाजता. गाडी साडेनऊला येणार. मी तयार होऊन ही वही घेऊन बसले होते, तेव्हा धाकटी दारात आली. पाच दिवसांनी. काही न बोलता तिने मनगट माझ्या नाकापुढे धरलं.

ढगच होता. डोळ्यांत पाणी आलं.

"जास्त झालंय," मी म्हणाले. "फार जास्त. धुऊन टाक."

"हो ना?" ती म्हणाली. "जानेवारीपासून जास्त होतंय."

मी वही मिटली.

"तू बरोबर आहे म्हणायचीस आणि क्रूमधल्या मुली माझ्यापासून दोन पावलं लांब उभ्या राहायच्या. मला नाक नाही ताई, डोळे आहेत."

"मग रोज विचारायचीस कशाला?"

"एक दिवस खरं सांगशील म्हणून."

ती न्हाणीघरात गेली. नळ सुरू झाला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. ती साबण लावून मनगट चोळत होती, लहानपणी शाई घालवायला चोळायची तसं.

"माझं नाव का घेतलंस?" तिने नळाकडे बघूनच विचारलं. "तुझ्यापुरतं सांगून भागलं असतं."

"माहीत आहे."

"मग?"

तपास, कर्तव्य, प्रवाशांची सुरक्षा, पाच दिवस मी हे सगळं पाठ करून ठेवलं होतं. समितीसाठीच ठेवलं होतं.

"तुझी पट्टी बघवत नव्हती मला," मी म्हणाले.

तिने नळ बंद केला. टॉवेल मी पुढे केला, तो तिने घेतला नाही, स्वतःच्या रुमालाने हात पुसले. मग ओलं मनगट पुन्हा माझ्यापुढे धरलं.

"आता?"

साबणाचा वास होता, आणि खाली अगदी थोडं अत्तर.

"आता बरोबर आहे."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी खरं बोलतेय का ते बघायला. मग चपला शोधायला बाहेर गेली. खाली हॉर्न वाजतोय. कंपनीने दोघींना मिळून एकच गाडी पाठवलीय.